मंगळवारचा हार

नवरदेवाचा सेहरा असो, दर्ग्यावर चढवायची फुलांची चादर असो, नाहीतर मयताचा हार असो, गुलमंडीत जैतुनबीच्या ठेल्यावरून ज्यानं फुलं नेली त्यानं मनकर्णाबाईच्या हातचंच ओवलेलं घरी नेलं. तिचं नाव मात्र कुणी विचारलं नसेल. मान खाली, दोरा दातात, मांडीवर ओलं फडकं, अशी ती बसलेली असायची. दिवेलागणीची जपमाळ झाली की वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. पण मनकर्णा चार ओळींत मावत नाही, म्हणून आज जरा लांबलचक लिहिते.

ती वैजापूरकडची. बाप कडूबा, पाटलाकडं सालदार. पोलीस अॅक्शनच्या आधीच्या धामधुमीत तो चुकलेला बैल बघायला म्हणून शिवारात गेला आणि परत आलाच नाही. कुणी मारलं का कुठं निघून गेला, काही कळलं नाही. मनकर्णा तेव्हा परकरी पोर. घरात संत अंतोनीचा कागदी फोटो होता. अंतोनी हरवलेलं शोधून देतो ही आम्हा कॅथलिक लोकांची श्रद्धा. किल्ली हरवो नाहीतर माणूस, पहिली हाक त्याला. तिच्या आईनं मंगळवार धरले, कारण मंगळवार अंतोनीचा. पण बाप काही आला नाही. मग एक दिवस पोरीनं रागारागानं फोटोचं तोंड भिंतीकडं केलं.

त्याच सुमाराला मिशनचे फादर लिगोरी सायकलवर तिच्या गावाला आले. मंगळूरकडचे, तेव्हा तरणेबांड. भिंतीकडं वळवलेला फोटो बघून म्हणाले, "याला कसली शिक्षा?"

"आमचा बाप शोधून देईना."

फादरांनी फोटोला हात लावला नाही. तिच्याशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसले. "संत काही देत नाही, पोरी. देणारा एकच. पण बापाशी बोलायचं झालं तर आपण थोरल्या भावाला म्हणतोच ना, माझ्या बाजूनं तूही सांग म्हणून? तेवढंच याचं काम. त्यानं सांगितलं असेल. आता मीही सांगतो."

हे ती मला कितीदा सांगायची, आणि शेवट ठरलेला असायचा, "बाप नाय सापडला वैनी, पर फादर सापडले."

पुढं तिचं लग्न झालं. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. फादरांनीच तिला शहरात आणलं. जैतुनबी मिशनच्या बागेतली फुलं घ्यायची, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मनकर्णाला तिच्या हवाली केलं. आमच्या घरामागं तिला एक खोली मिळाली. जैतुनबीनं तिला ओवायला शिकवलं आणि शिकवता शिकवता टोमणेही मारले.

"ए गे मनकर्णा, तेरे अंतोनी को बोल, मेरी जवानी गुम गई, ढूंढ के दे."

"सापडणारी वस्तू सांगा, जैतुनबी. त्याला उगं कामाला लावू नगा."

फादर लिगोरीही पुढं शहरात आले आणि सगळ्या मिशनचे प्रमुख झाले. गावोगावचे लोक त्यांना थोरले फादर म्हणायला लागले. मग साखरेच्या दुखण्यानं त्यांचे डोळे गेले, पायही गेले, आणि आमच्या छावणी भागातल्या मिशन-बंगल्याच्या मागच्या खोलीत ते खाटेला खिळले. मनकर्णा गुलमंडीहून परतताना रोज सांजेला त्यांच्या खोलीत ओंजळभर फुलं न्यायची. कधी मोगरा, कधी निशिगंध, काहीच नसलं तर नुसता मरवा.

एकदा मी तिच्यासोबत गेले होते. तिनं उंबऱ्यात पाऊल टाकलं, तोंडही उघडलं नव्हतं, तोच फादर म्हणाले, "आली मनकर्णा. आज मरवा आहे."

तिनं हात पुढं केला. त्यांनी तिची बोटं नाकाशी धरली. इतक्या वर्षांच्या फुलांचा वास त्या बोटांत मुरला होता, मलाही तो जाणवायचा. "म्हणजे संध्याकाळ झाली," फादर म्हणाले. "तू आलीस की कळतं. नाहीतर मला सगळी वेळ सारखीच."

निघताना तिनं वाकून आशीर्वाद मागितला. त्यांनी चाचपडत तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि म्हणाले, "माझ्यासाठी विनंती कर हां."

बाहेर आल्यावर ती फाटकाशी थांबून म्हणाली, "ऐकलं का वैनी? आपुन संतांना म्हणतो ते शब्द. अन् ते मला म्हणतेत."

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या एका उन्हाळ्यात फादरांचं दुखणं वाढलं. मनकर्णानं आईसारखे मंगळवार धरले. सकाळी उपास, गुडघ्यावर प्रार्थना, आणि अंतोनीच्या तसबिरीला ताज्या मोगऱ्याचा हार. तिच्या भिंतीवर पवित्र मारिया आणि अंतोनी शेजारी शेजारी टांगलेले, आणि त्यांच्या खालच्या फळीवर फादरांचा लहानसा फोटो टेकवून ठेवलेला. त्या फोटोपुढं तिनं कधी मेणबत्तीसुद्धा लावली नाही. जित्या माणसाच्या फोटोला आपल्याकडं हार घालत नाहीत, हे हार ओवणारीला कुणी सांगायची गरज नव्हती.

एका मंगळवारी ऊन फार म्हणून तिनं हारावर चांगलं पाणी मारलं, तसाच तो अंतोनीला घातला आणि ती कामाला निघून गेली. ओला हार जड झाला होता. तो तसबिरीवरून घसरला आणि खाली फादरांच्या फोटोवर पडला, अगदी कुणी मुद्दाम घालावा तसा. शेजारची आवडाबाई तिच्यासाठी नळाचं पाणी भरून ठेवायची. ती हंडा घेऊन आत गेली आणि तिथूनच ओरडली, "आगं बया! मनकर्णाचे फादर गेले!"

मी धावत जाऊन हार उचलला, पण शब्द कसा उचलणार? दुपारपर्यंत छावणीभर झालं. एसटी स्टँडवर कुणीतरी ते वैजापूरच्या गाडीत चढवून दिलं. दुसऱ्या दिवशी गावाकडची माणसं मिशन-बंगल्याच्या अंगणात उतरली आणि बायांनी गळे काढले.

आतून फादरांनी विचारलं, "कोण गेलं?"

बायांनी तोंडाला पदर लावले. शेवटी आमच्याकडं प्रार्थना घेणारे काकासाहेब मास्तर म्हणाले, "कुणी नाही फादर. लोकांचा गैरसमज झाला."

फादरांना कळायचं ते कळलं. हसले. "लांबून आलेत. जेवू घाला त्यांना," म्हणाले.

पण अंगणात काकासाहेबांनी मनकर्णाला सगळ्यांदेखत धरलं. "जित्या माणसाला हार! आणि तोही थोरल्या फादरांना. काय घाई झाली होती गं बाई तुला?"

"मी नाय घातला मास्तर. पडला."

"पडला म्हणे! संतांच्या रांगेत बसवलंस त्यांना. तिथं बसायला आधी मरावं लागतं, एवढं तरी कळतं का?"

ती पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. आणि नेमका त्या दिवसापासून फादरांना ताप भरला.

मनकर्णानं गुलमंडीला जाणं सोडलं. मिशन-बंगल्याच्या फाटकावरूनही जाईना. छावणीतल्या दोन घरची धुणी धरली आणि दिवसभर सोडा-साबणात हात बुडवून बसायला लागली. मी समजावलं, "अगं, देवाचं देणं-घेणं काय हाराच्या दोऱ्यावर चालतं? फादरांनीच शिकवलं ना तुला?"

"समदं समजतंय वैनी. पर माझा हात अपेशी हाय. बापाच्या वेळी मी फोटो फिरवला. आता हा हार. त्यांच्या खोलीत हा हात कसा नेऊ?"

जैतुनबी टांगा करून आली. दारातूनच तोंड सोडलं. "कायकू बैठी गे घर में? बीमार के पास जाते, भागते नै. चल उठ, मेरे गिराइक खोळंबलेत."

मनकर्णा उठली नाही. जैतुनबीनं आणलेला मोगऱ्याचा पुडा दाराशीच सुकला.

मग मिशन-बंगल्यात स्वयंपाक करणारी साळूबाई मला चर्चमध्ये भेटली. म्हणाली, "फादर रोज इचारतेत, सांज झाली का? आम्ही म्हणतो, झाली. ते म्हणतेत, मग मनकर्णा कुठंय?"

मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. ती कपडे पिळत होती. पिळता पिळता थांबली, हातातल्या लुगड्यातून पाणी गळत राहिलं. "उद्या जाते," म्हणाली. "उद्या नक्की."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना साळूबाईच पळत आली. फादरांना शेवटचं पवित्र तेल लावलं होतं. मनकर्णा धुण्यावरून उठली ती तशीच, ओल्या हातांनी. फुलं आणायचं ना तिला सुचलं, ना मला.

खोलीत सिस्टर संतांची नावं घेत होत्या आणि बाकीचे मागून म्हणत होते. संत जोसेफ, यांच्यासाठी विनंती कर. संत अंतोनी, यांच्यासाठी विनंती कर. मनकर्णा खाटेशी गुडघे टेकून बसली आणि तिनं नेहमीसारखी बोटं पुढं केली. फादरांनी ती धरली. सावकाश नाकाशी नेली. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कोण?"

"मी. मनकर्णा."

"नाही," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "अजून संध्याकाळ झाली नाही."

खिडकीतून उतरतं ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं.

मनकर्णानं हात मागं घेतला, तळवा स्वतःच्या नाकाशी नेला, आणि उठून बाहेर पळाली. मला वाटलं, रडायला गेली. पण ती फाटकावर टांगा धरून गुलमंडीला गेली होती. पुढचं जैतुनबीनं मला सांगितलं. ही ठेल्याशी येऊन नुसतीच उभी. जैतुनबीनं तिचं तोंड पाहिलं आणि एका लग्नाच्या सेहऱ्यासाठी निवडून ठेवलेला सगळा मोगरा तिच्या पदरात ओतला. "जा गे, जा. दुल्हा ठहर जाएगा."

इकडं फादरांनी आणखी एकदा विचारलं, "झाली का?" मी "हो" म्हणाले. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग ते बोलले नाहीत.

टांगा छावणीत शिरला तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. एक टोला, मग थांबून एक टोला, कुणी गेलं की वाजते तशी. कुठली घंटा कशाची, हे मनकर्णाला लहानपणापासून माहीत. तरी ती चालत आत आली, पदर दोन्ही हातांनी धरून. लोकांनी वाट दिली. एक सिस्टर हळूच म्हणाली, "आता हार कर, मनकर्णा. आता चालेल."

"नाय," ती म्हणाली.

तिनं मूठभर मोगरा घेतला आणि दोन्ही तळहातांत चोळला, पुन्हा घेतला, पुन्हा चोळला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. मग ती बोटं तिनं फादरांच्या नाकाशी धरली. धरूनच राहिली. काकासाहेब मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. कुणी तिला उठ म्हणालं नाही.

त्याला आता वर्षं झाली. मनकर्णा परत जैतुनबीशेजारी बसते. आमच्या सगळ्यांच्या घरी थोरल्या फादरांच्या फोटोला हार आहे, तिच्या फळीवरचा फोटो तसाच, मोकळा. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "हार घातला की झालंच की, वैनी."

आणि एकदा तिनंच मला विचारलं, "आता त्यांच्यासाठी विनंती करायची, का त्यांना म्हणायचं आमच्यासाठी करा?"

मी जेवढं शिकले तेवढं सांगितलं. गेलेल्यासाठी आपण प्रार्थना करायची. कोण पोचलं ते देवाला ठाऊक, पण मनातल्या मनात त्यांना हाक मारायला बंदी नाही.

"मग दोन्ही करते," ती म्हणाली. "ते पण मला म्हणायचेच की."

मंगळवार तिनं सोडलेले नाहीत. आता हार तसबिरीला घालत नाही, अंतोनीपुढं फळीवर नुसता ठेवते. काय मागतेस, असं मी विचारलं.

"हरवलेलंच मागायचं असतंय त्याला. ती एक सांज गेली माझी. तो पण काय करील म्हणा."

काल तिच्या दाराशी उभी राहून बोलत होते. ती भांडी घासत होती, राखेनं. कोनाड्यात मी दिवाळीला दिलेली साबणाची वडी तशीच, कागदसुद्धा काढलेला नाही. कपडे ती नुसत्या पाण्यात आपटते. हाताला साबण लावत नाही.