चैतातलं पाणी

आमची पोस्ट काश्मीरच्या डोंगरावर होती आणि वाद मात्र वर्धा जिल्ह्याचा चालायचा. नायक वामन आंजीचा, मी हिंगणीचा. आमच्या गावामागच्या जंगलात एक घळ आहे. तिथं पिवळसर रेताड दगड लागतो आणि त्यावरून पुरुषभर उंचीची धार पडते. ती चैतातही आटत नाही, असं वामन ठासून सांगायचा. आधार एकच: त्याची बायको सुमन आमच्या गावची लेक, आणि तिनं तसं सांगितलं होतं. पिकतं तिथं विकत नाही, तसा मी चैतात तिकडं कधी फिरकलोच नव्हतो. तरी म्हणायचो, आटते. शेवटी पैज लागली. हरणाऱ्यानं आपली रम द्यायची.

माझी रजा नेमकी चैतात आली. निघताना वामन म्हणाला, "डोयानं पाहून येजो."

मी गेलो. धार करंगळीएवढी होती, पण होती. हरल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

परतलो तेव्हा वामन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, गेला होता. मला लगेच रेडिओ सेटवर ड्यूटी लागली. पेट्रोलचा 'ऑल ओके' वामननंच दिला. माझा आवाज त्यानं ओळखला.

"पाणी व्हतं का बे? ओव्हर."

सेटवर खासगी बोलायचं नाही, हा नियम. कंपनी कमांडर साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"आल्यावर सांगतो. आऊट."

पुढचा रिपोर्ट आला नाही. मी कॉल देत राहिलो, सेट नुसता खरखरत राहिला. उतारावरचा बर्फ सुटला होता. बाकीचे जिवंत सापडले, वामन नाही. साहेबांचं चुकलं नव्हतं. पण उत्तर एका शब्दाचं होतं आणि तेही त्याला मिळालं नाही, ही हळहळ जात नाही.

रिटायर झाल्यावर यंदाच्या चैतात सुमनताईला घेऊन घळीत गेलो. धार पडत होती. तिला पैजेचं ठाऊक नव्हतं, ते सांगितलं. पिशवीतली रमची बाटली काढताना मात्र ओशाळलो, कारण वामनच्या पिण्यावर तिचा भारी राग.

तिनं बाटलीकडे पाहिलं, मग धारेकडे.

"माह्या शब्दावर पैज लावली व्हती त्यायनं?"

"हो."

"मंग ओता, भाऊ. आज मी काई म्हणत नाई त्यायले."

मी बाटली धारेखाली रिकामी केली.

"वामन, पाणी व्हतं बे," मी म्हणालो. "तू जितला. ओव्हर."