आमच्या लोणावळ्यात उकडत नाही

ऐन एप्रिलात, सकाळी अकराच्या सुमाराला, अंगावर मेंढीएवढी लोकर असलेल्या कुत्र्याला मी डांबरी रस्त्यावरून फिरायला नेलं होतं. वर हातावर स्वेटर घेतला होता. माझा. गार वारं सुटलं तर असावा म्हणून. पण तेव्हा मी तरुण होते, एकसष्टीच्या आसपासची, आणि त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं.

लग्न होऊन लोणावळ्यात आले तेव्हा मे महिन्यातही रात्री पांघरूण लागायचं. ते मी डोक्यात इतकं पक्कं बसवून घेतलं, की पुढे झाडं गेली, बंगले आले, रस्ते रुंद झाले, तरी माझ्यापुरता लोणावळा थंडच राहिला. घरात पंखा नव्हता. आमचे हे दर उन्हाळ्यात विषय काढायचे आणि मी दर उन्हाळ्यात म्हणायची, "लोणावळ्यात पंखा? लोक हसतील." दिवाणखान्याच्या छताला पंख्याचा हूक होता, त्याला मी मनीप्लांटची कुंडी टांगली होती. पुण्याला कुणाच्या लग्नाला गेले की पत्रिकेने वारा घेत, चार जणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "कसं बाई राहता तुम्ही इथे! आमच्या लोणावळ्यात उकडत नाही हो." घरी आल्यावर घामाने निथळणारी मान पुसायची ती स्वयंपाकघरात जाऊन, कोणी बघत नसताना.

कुत्रा माझ्या मुलाचा. हिमाचलात ट्रेकिंगला गेला आणि येताना बॅगेतून पिल्लू घेऊन आला. तिकडे डोंगरात मेंढ्या राखतात त्या जातीचं. आणलं तेव्हा लोकरीच्या गुंड्याएवढं होतं, वर्षा-दीड वर्षात त्याचं वासरू झालं. काळंभोर, मानेभोवती आयाळ, शेपटी म्हणजे झाडू. पुण्यात, मुलाच्या वाकडच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये फेब्रुवारी संपला की ते बाथरूमच्या फरशीवर जाऊन पडायचं आणि घरातली माणसं त्याला ओलांडून आंघोळी करायची.

शेवटी मुलाने ठरवलं, हा प्राणी पुण्यात ठेवणं पाप आहे. पवनानगरला धरणाच्या काठी कुणाची तरी शेती होती, तंबू वगैरे लावून पर्यटक ठेवायचे. तो माणूस कुत्र्याला कायमचा घ्यायला तयार होता. माझी नात तेव्हा सात वर्षांची. तिने जेवण सोडलं. दोन वेळाच सोडलं, पण घर हादरलं.

मी फोनवर छाती फुगवून म्हटलं, "शेतावर कशाला? इकडे द्या पाठवून. आमच्याकडे उकडत नाही."

मुलगा म्हणाला, "आई, उन्हाळाभर बघू. पण त्याला जरा जरी त्रास झाला ना, तर मी त्याला शेतावर सोडणार. मग कोणाचं ऐकणार नाही, तुझंही नाही आणि पोरीचंही नाही."

अशी अट होती. नातीने मला फोनवर देवाची शपथ घालून कुत्रा ताब्यात दिला.

मार्च बरा गेला. माझा सकाळचा क्रम ठरलेला: चहा, आंघोळ, पूजा, पेपर, दुसरा चहा, मग कुत्रा. तो दाराशी बसून माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच त्याची पाळीव आहे आणि फार आळशी निघाले आहे. रस्त्यावर त्याच्यामुळे माझा भाव वधारला होता. पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढायचे. एकाने विचारलं, "आजी, अस्वल आहे का?" मी म्हटलं, "हो, चावत नाही." आमचे हे एकदा हळूच म्हणाले, "अगं, ऊन वाढलंय, जरा लवकर ने त्याला." मी म्हटलं, "तुम्हाला मेलं सगळ्याचंच ऊन लागतं."

तर त्या दिवशी बाजाराच्या वळणापर्यंत गेलो आणि कुत्रा थांबला. दोरी ओढली, हलेना. जीभ हातभर बाहेर, पोटाचा भाता जोरजोरात चालू, आणि पाय एकेक करून वर उचलत होता. मला वाटलं, नखरे करतोय. तेवढ्यात त्याने मलाच हिसडा दिला आणि रस्त्याकडेच्या एका ताडपत्रीखाली घुसला.

ताडपत्रीखाली मासेवाली बसली होती. पवनेच्या धरणातले मासे घेऊन येणारी, धिप्पाड, नाकात चमकी. तिच्यासमोर बर्फाच्या लाद्या आणि ओली गोणपाटं. कुत्रा त्या गोणपाटांवर चारी पाय पसरून आडवा झाला. माशांना तोंडही लावलं नाही. बर्फाच्या लादीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. एवढ्या वर्षांत त्या वळणावरून मी नाकाला पदर लावून गेले होते. आता मी मासळीच्या मधोमध उभी.

"आवो मावशी," मासेवाली ओरडली, "कुत्रं हाय का मेंढरू? उचला की!"

"उचलू कसं? माझ्यापेक्षा जड आहे ते."

"मंग मासं तरी घ्या. माझं गिऱ्हाईक खोळंबलंय न्हवं!"

"अहो, आम्ही खात नाही."

"तुमी न्हाई खात, कुत्रं न्हाई खात, मंग हितं काय दर्शनाला आलाय व्हय?"

भोवती जमलेली माणसं हसली. मीही हसायला गेले आणि तेवढ्यात माझं लक्ष कुत्र्याच्या तोंडाकडे गेलं. त्याची जीभ जांभळट दिसत होती. मी नावाने हाक मारली. शेपटी हलली नाही. स्वेटर हातातून कधी गळून पडला मला कळलं नाही. मी तिथेच, चिखलात, माशांच्या पाण्यात, फतकल मारून बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मासेवालीची थट्टा थांबली. बर्फ वितळून घमेल्यात साचलेलं पाणी तिने त्याच्या पोटावर, पायांवर सोडलं. मी ओंजळीने ओतत राहिले. मध्येच तिचं एक गिऱ्हाईक आलं, तर तिने त्याला झापलं, "थांब रं जरा, दिसत न्हाई व्हय, मावशी घाबरल्यात!" मी कुत्र्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाणी मारत राहा, सावली सोडू नका, जरा शांत झाला की लगेच घेऊन या.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, माझा चष्मा चाटला आणि परत बर्फावर हनुवटी ठेवली. तेव्हा मी रडले. कांदे-बटाटे घ्यायला आलेल्या आमच्या भजनी मंडळातल्या दोघी समोर उभ्या होत्या, तरी रडले.

रिक्षावाले त्याला बघूनच पुढे जात होते. अखेर मासेवालीच्या नवऱ्याने टेम्पो काढला. मागे माशांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये कुत्रा, पुढे मी, अंगाला खवले चिकटलेली. डॉक्टरांकडून घरी पोचेपर्यंत माझा मांडीवर कुत्रा घेऊन मासळीत बसलेला फोटो मंडळाच्या ग्रुपवरून वाकडला पोचला होता.

मुलाचा फोन आला. ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "रविवारी येतो. त्या शेतवाल्याला कळवलंय."

माझ्या हातात चार दिवस होते. मी तोंडाला पाणी न लावता पहाटे त्याला बाहेर काढायला लागले. आंघोळ, पूजा सगळं नंतर. देव वाट बघू शकतो, त्याच्या अंगावर लोकर नाही. केस भादरून टाकायचा विचार ह्यांनी बोलून दाखवला, तर डॉक्टर म्हणाले, मुळीच नको, तीच लोकर त्याला उन्हापासून राखते, नुसती विंचरा. मी विंचरायला घेतली आणि पिशवीभर लोकर निघाली. संध्याकाळी सूर्य गेल्यावर आधी मी चप्पल काढून डांबरावर अनवाणी उभी राहायची, चटका बसला नाही तरच कुत्रा रस्त्यावर. समोरच्या बाजूला मारुतीचं देऊळ होतं. मला अशी उभी बघून एका आजोबांनीही चप्पल काढली, हात जोडले आणि भक्तिभावाने विचारलं, "आज काही विशेष आहे का?"

तरी रविवारचा धाक होताच. दुपारी दिवाणखान्यात तो धापा टाकत पडायचा. शनिवारी मी मनीप्लांट उतरवला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

पंखा फिरायला लागला तेव्हा आमचे हे खुर्चीतून उठून त्याच्याखाली आले, वर बघत राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी मागत होतो. मला आधी सांगायचं होतंस, केस वाढवले असते."

रविवारी मुलगा आला. बरोबर नात आणि कुत्र्याच्या सामानासाठी रिकामी बॅग. आत पाऊल टाकलं आणि छताकडे बघून थबकला. खाली कुत्रा पंख्याच्या बरोबर मध्यावर पाठीवर झोपलेला, चारी पाय वर. त्याच्या शेजारी चटईवर वडील, त्याच अवस्थेत. मी म्हटलं, "उकडतं रे लोणावळ्यात. खूप उकडतं. मीच आंधळी होते. पण आता त्याला नेऊ नकोस."

मुलगा बॅग दाराशी टेकवून वळला. नातीला घेऊन अंगणात गेला. दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं होतं, मी खिडकीच्या पडद्याआडून ऐकायचा प्रयत्न केला, पण पंख्याच्या आवाजात काही कळेना. मग नात एकटीच आत आली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली:

"बाबा म्हणाला, राहू दे त्याला इथे. पण आजी, फिरायला निघालीस की रोज मला व्हिडिओ कॉल करायचा. तू नाही दिसलीस तरी चालेल, नुसता रस्ता दाखव. ऊन दिसलं तर मी सांगेन, चल मागे फिर."