सुनेला रडवणारा बटाटा

फोर्तुनाताला हसू आवरत नसे, हे अंकाकोचा गावातल्या मेंढ्यांनाही ठाऊक होतं. नवऱ्याच्या दफनाला पाद्र्याने स्पॅनिशमध्ये लांबण लावली, केचुआ बोलणाऱ्या गावाला त्यातलं ओ की ठो कळेना, आणि ही शालीत तोंड खुपसून खदखदत होती. खरं तर तिला रडायचं होतं. पण दुःख झालं, भीती वाटली की तिला हसूच यायचं, त्याला ती तरी काय करणार?

साठी उलटल्यावर बाई प्रेमात पडली. तेओफिलो म्हणजे आईच्या धाकात पिकलेला घोडनवरा. त्याची आई बासिलिया नव्वदीला टेकलेली, पण रीत म्हणजे रीत. तिने फोर्तुनातापुढे बटाटा ठेवला, नुसत्या गाठी आणि खाचा असलेला. त्याला म्हणतातच 'सुनेला रडवणारा'. साल पातळ निघाली तर लग्न, गर वाया गेला तर आल्या वाटेने परत.

"सासूबाई, मला नातवंडं आहेत हो."

"मी अजून तुझी सासू झालेली नाही. सोल."

बघायला निम्मं गाव स्वयंपाकघरात घुसलं. मक्याच्या दारूचा घडाही आला. तेओफिलो दारात टोपी पिळत उभा.

"काळजी करू नकोस," शेजारीण सिमोना त्याला म्हणाली, "ही नापास झाली तर पलीकडच्या खोऱ्यात बघू. तिथल्या बायकांना दिसतही कमी."

फोर्तुनाताने सुरी घेतली. ती घाबरली, म्हणजे हसू आलंच. पहिल्याच खाचेत बटाट्याचा कोपरा उडाला आणि चुलीमागे पाळलेले गिनिपिग त्यावर तुटून पडले. ते बघून ती आणखी हसली, आणखी तुकडे उडाले. गिनिपिगांची चंगळ झाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडली बघ," सिमोना म्हणाली.

"रडत नाही गं मेले, हसतेय."

शेवटी तळहातावर लसणीच्या पाकळीएवढं काहीतरी उरलं. तेव्हा मात्र तिचं हसू थांबलं. तेओफिलो तिला हवा होता, फार हवा होता.

बासिलियाने तो तुकडा उचलून डोळ्यांशी नेला. बोळकं हलवलं.

"सकाळपासून उपाशी आहे मी," ती म्हणाली. "हा लवकर शिजेल. चावायलाही नको. चूल पेटव, सूनबाई."

फोर्तुनाताने काडी ओढली, आणि जन्मात पहिल्यांदा तिला चारचौघांत रडू फुटलं.