बी फॉर बटाटा

दिघेकाकांच्या घरातून ‘जाते’ म्हणून बाहेर पडता येत नसे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत. पहिल्यांदा मी विरजण मागायला गेले आणि निघताना, दिल्लीत वाढलेल्या मराठीत, ‘अच्छा, जाते’ म्हणाले, तर ते दार अडवून उभे.

‘येते म्हणावं. म्हण.’

मी म्हटलं.

‘ऐकू आलं नाही.’

हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. एरवी त्यांचे कान उत्तम होते. आमच्या कुकरची एखादी शिट्टी जास्त झाली, तरी ते आईला जिन्यात विचारत.

एम.ए. करताना मी नोएडाच्या एका ऑफिसात अर्धवेळ नोकरी धरली. अकाउंट्सच्या गुप्ताजींनी पॅन नंबर विचारला, तो मी इतक्या हळू सांगितला, की त्यांनी ‘बी’च्या जागी ‘डी’ लिहिला. चुकीच्या पॅनवर दुप्पट कर कापला गेला, आणि तोही माझ्या नावावर दिसेना. माझ्या कमाईवर खरं तर कर बसतच नव्हता. रिटर्न भरलं की सगळा परत मिळाला असता, पण आधी ते अक्षर गुप्ताजींनी सुधारायला हवं होतं. मी ईमेल पाठवत राहिले. उत्तर नाही. पुढची फी माझी मी भरीन, असं घरी सांगून बसले होते.

‘काका, तुम्ही त्यांना फोन कराल?’

‘बिल्कुल. पण मला तुझा नंबर पाठ नाही.’

‘लिहून देते ना.’

‘चष्म्याशिवाय दिसत नाही गं.’

चष्मा नाकावर होता.

मग तालीम सुरू झाली. ते खाली स्कूटरपाशी, मी वर बाल्कनीत.

‘बी फॉर बॉल.’

‘बॉल की डॉल? जरा वजनदार काहीतरी सांग.’

‘बी फॉर बटाटा.’

‘ऐकू आलं नाही.’

मी ओरडले. खाली गेटपाशी हातगाडीवरच्या बटाट्यांच्या ढिगामागून भाजीवाला म्हणाला, ‘दीदी, ये तो नहीं है मेरे पास.’

दुसऱ्या दिवशी मी गुप्ताजींच्या टेबलासमोर उभी राहिले.

‘बी फॉर बटाटा.’

‘ये बटाटा क्या है?’

‘आलू.’

‘अच्छा, ए,’ म्हणत त्यांनी लिहायला घेतलं.

‘ए नहीं. बी.’

अख्ख्या ऑफिसने मान वळवली. गुप्ताजी म्हणाले, ‘अरे मॅडम, पहले ही ऐसे बोल देतीं.’

दुरुस्ती झाली, मी रिटर्न भरलं. तेवढ्यात काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडून मुलाकडे पुण्याला निघाले. सामान आधीच गेलं होतं. ऑटोत बसताना त्यांनी रिकाम्या घराकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘चला, जातो.’

‘काका, येतो म्हणा,’ मी बाल्कनीतून म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. ‘ऐकू आलं नाही.’

पुन्हा म्हटलं, तेव्हा भाजीवाल्यानेही वर पाहिलं.

‘येतो,’ काका म्हणाले.

रिफंड महिन्याभरात आला.