सकाळी बघते

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे नजरमावशी म्हणत. रंगवून सुकवलेला तुकडा ती नमुन्याशेजारी धरायची, खिडकीशी जायची आणि सांगायची, "निळा चिमूटभर जास्त झालाय." बावीस वर्षांत तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मग धाकट्या मालकांनी तुकड्यांचे फोटो फोनवर पाठवायला सुरुवात केली, तेही दिवसपाळी सुटल्यावर. मावशी अंथरुणात पडून उत्तरं द्यायची. उत्तरं संपली की दुसऱ्यांच्या नातवंडांचे व्हिडिओ. दिवा मालवला तरी डोळ्याला डोळा लागेना, आणि कामावर जांभयांवर जांभया.

लेकीला दया आली. "आई, संध्याकाळी स्क्रीन पिवळसर होईल असं करून देते. झोप येईल."

झोप काही आली नाही, घोटाळा मात्र झाला. मावशीने एक फोटो बघून "मलई रंग बरोबर" असं कळवलं आणि रातपाळीने चाळीस तागे रंगवून ठेवले. सगळे पांढरेफटक! कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे कावीळ फोनला झाली होती.

"मावशी, पुन्हा असं झालं तर रंग मोजायचं यंत्र आणावं लागेल," मालक म्हणाले. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. यंत्र आल्यावर खिडकीशी तिला कोण उभं करणार?

तिने कानाला खडा लावला. मालकांना कळवलं, "फोटो पाठवा, पण मी सकाळी बघते. उजेडात." आणि जेवणं झाली की फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. पहिले तीन दिवस हात नुसते शिवशिवत होते.

"तान्हं बाळ वेगळं निजवलंय जणू," नवरा चिडवायचा. "जा, बघून ये, रडत नाही ना."

ती खरंच उठायची! शेवटी त्याने पत्ते काढले. तो लबाडी करायचा, ती भांडायची आणि भांडता भांडता पेंगायची. पंधरा दिवसांत ती अलार्मच्या आधी जागी होऊ लागली.

अशाच एका सकाळी फोन हातात घेतला, तर मालकांचे अकरा निरोप. "मावशी, घाई आहे." "बघता ना?" "गिऱ्हाईक खोळंबलंय." संपलं, आता यंत्रच येणार! पुढचं न वाचताच तिने चपला अडकवल्या.

मालक खिडकीशी उभे होते, हातात तुकडा. रोजचे सुजलेले डोळे आज चक्क उघडे होते.

"मालक, मी काल..."

"शेवटचा निरोप वाचला नाहीत?"

तिने वाचला. "बरं. मीही झोपतो. सकाळी खिडकीशी भेटू."

"किती महिन्यांनी धड झोपलो, मावशी," मालक म्हणाले आणि तुकडा पुढे केला. "यंत्राचं राहू द्या. तुम्ही बघा."

मावशीने तो उजेडात धरला, जरा तिरका केला.

"पिवळा थोडा कमी पडलाय," ती म्हणाली.