पडदाभर अंगद

"व्हिडिओत मानूस जरा भरलेलाच दिसतो, मावशी. कॅमेऱ्याचा गुन हाय त्यो."

मच्छिंद्र बोलून गेला आणि फडकं घेऊन काउंटर पुसायला लागला. काउंटर स्वच्छच होता.

समोर स्टुलावर साळूबाई बसली होती. "कॅमेरा तुझाच हुता ना रं?" ती म्हणाली. "तूच खांद्यावर घिऊन नाचत हुतास मांडवात. तू बघितलंय माझ्या अंगदला. मग सांग की. ह्यो अंगद हाय?"

स्क्रीनवर बाशिंग बांधलेला नवरदेव थांबवून ठेवला होता. गालफडं रुंद, मान आखूड, खांदे बैलासारखे.

"आई, बास कर आता," मागनं गोरख म्हणाला. हा तिचा धाकटा. पुण्यस्मरणाचा फ्लेक्स वेशीवर लावायचा होता आणि त्यासाठी व्हिडिओतला हा एक फोटो काढून हवा होता. घरात अंगदचा दुसरा फोटोच नव्हता. अल्बम वाळवीनं खाल्ला होता. अंगद आणि त्याची बायको घाटात टेम्पो उलटून गेली, तेव्हा त्यांची रेश्मा आजीच्या मांडीवर दूध पीत होती. लग्नाची कॅसेट तेवढी ट्रंकेत शिल्लक राहिली. घरात मोठा टीव्ही आला तेव्हा गोरखनं ती मच्छिंद्राकडून पेनड्राइव्हवर करून घेतली.

"मनावर घिऊ नका, मच्छूभाऊ. टीव्ही लावला की हेच. ह्यो माझा न्हाई, ह्यो कुनीतरी दुसराच. भावकी हसती. उद्या नगरला न्यायची हाय, डोक्याच्या डाक्टरकडं. म्हातारपनी हुतंय म्हनत्यात असं. सोताचं लेकरू वळखू येत न्हाई."

"डोकं माझं जाग्यावर हाय," साळूबाई म्हणाली. बोलली लेकाशी, पण बघितलं मच्छिंद्राकडं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गोरखच्या मागं गाडीवर बसून गेली.

म्हातारीचं डोकं जाग्यावर होतं, हे पारनेरच्या बाजारपेठेत एकट्या मच्छिंद्राला माहीत होतं.

पोरवयापासून त्यानं तालुक्यातली लग्नं शूट केली. हळदी, वराती, नवरीचं रडणं, वरमाईचं रुसणं, सगळं. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले आणि त्याच्या कॅमेऱ्याला कुणी विचारेना. मग लोकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देण्यावर दुकान चालायला लागलं. यात एक मेख असते. जुन्या कॅसेटीचं चित्र जवळजवळ चौकोनी, आताचा टीव्ही आडवा लांबडा. चित्र आहे तसं ठेवलं की टीव्हीच्या दोन्ही अंगांना काळ्या पट्ट्या राहतात. सुरुवातीला मच्छिंद्र तसंच द्यायचा. पण एकदा एक बाप्या पेनड्राइव्ह नाचवत दुकानात आला. "लग्नाच्या व्हिडिओला दोन्हीकडून काळं? माझी लेक सुतकात बसवली का काय?" त्याचं ऐकून दुसराही तेच म्हणाला. हळदीच्या पोरीजवळ काळी साडी नेसून कुणी फिरकलं तर बायका हाकलून देतात, आणि इथं तर अख्खं लग्न काळ्याच्या मधे. तेव्हापासून मच्छिंद्र एक बटण दाबून चित्र कडेपर्यंत ताणायला लागला. भाकरी थापताना एकाच अंगाला ओढावी तसं. गोल ताटं लांबट झाली, घोडे गाढवासारखे बुटके झाले, माणसं अंगानं भरली. कुणाची तक्रार आली नाही. उलट, "खात्यापित्या घरची दिसत्यात," म्हणून लोक खूश.

तेही चाललं असतं. पण आज म्हातारीनं तोंडावर विचारलं, आणि त्यानं कॅमेऱ्याच्या नावानं पावती फाडली.

त्यानं शटर अर्धं ओढलं. कॉम्प्युटरवर अंगदच्या कॅसेटीचं काम उघडलं आणि ताण काढला. चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकलं. लांबट ताट गोल झालं आणि ताटामागं अंगद उभा राहिला. शेवग्याच्या शेंगेसारखा. गळ्याची घाटी वर आलेली, गाल बसलेले, तोंडापेक्षा बाशिंग मोठं. "नवरदेवाला धरा गं कुनीतरी, वारा लई हाय," असं करवल्या त्याला चिडवत होत्या, आणि ते मच्छिंद्रानंच टिपलं होतं. पण खरी गोष्ट अशी की तोही हे विसरला होता. ताणलेला अंगद बघून बघून त्यालाही तोच खरा वाटायला लागला होता. सगळ्या गावाला तोच खरा वाटत होता. एकटी आई तेवढी अडून बसली होती, म्हणून ती येडी.

सकाळी तो वाडीवर पोचला तेव्हा गोरख गाडी पुसत होता. साळूबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती.

"नगरला जाऊ नका," मच्छिंद्र म्हणाला. "मावशीचं डोकं ठीक हाय. चूक माझी हाय."

"म्हंजे?"

"टीव्ही भरावा म्हनून चित्र आडवं ताणलंय मी. समद्यांचंच ताणतो."

गोरखनं फडकं खाली टाकलं. "आन् काल? काल दुकानात का बोलला न्हाईस?"

 मच्छिंद्रानं रात्री नीट केलेला पेनड्राइव्ह पुढं केला.

टीव्ही लागला. दोन्ही कडांना काळं आणि मधे अंगद. साळूबाई उठून पार पडद्याला नाक लागेपर्यंत गेली. "हं. ह्यो. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. ताटातलं कुत्र्याला घालायचा, द्वाड." आणि तिथंच खाली बसली.

गोरख भिंतीला टेकला. "भावकीत सांगून बसलो मी, आई येडी झाली म्हनून," तो म्हणाला. "माझा सख्खा भाऊ हुता रं. मला कसं कळलं न्हाई?"

दारात रेश्मा उभी होती, हातात दुधाची किटली. मोबाईलवर तिनं तोच रुंद फोटो लावून ठेवला होता.

"हे पप्पा?" ती म्हणाली. "समदी म्हनत हुती, माझं तोंड पप्पांवर गेलंय."

तिनं मोबाईल टीव्हीशेजारी धरून बघितला.

"मग मी कुनावर गेले?"

"माझ्यावर," साळूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "माझं तोंड काय वंगाळ हाय?"

रेश्मा हसली नाही. आत गेली, चहा करून आणला. कपबशी मच्छिंद्राच्या हातात दिली नाही, त्याच्यापुढं जमिनीवर ठेवली. "काका, त्यो पहिला पुसू नका," ती म्हणाली. "माझ्याकडं राहू द्या."

आईला लेक मिळाला, पण त्यात पोरीचा बाप गेला, हे मच्छिंद्राच्या तेव्हा ध्यानात आलं. 

"राहू दे तिला," साळूबाई म्हणाली. "पन फ्लेक्सवर माझा लाव. वेशीवर परका मानूस नगं."

दुपारी मच्छिंद्र दुकानात आला. वाळका अंगद त्यानं फ्लेक्सवाल्याकडं धाडला. फ्लेक्सवाल्याचा लगेच फोन आला, "ह्यो लई बारीक दिसतोय, जरा भरू का?" "हात लावू नको," मच्छिंद्र खेकसला. मग त्यानं छगनरावांना फोन लावला. गेल्या दिवाळीत त्यांच्या लग्नाची कॅसेट त्यानं करून दिली होती.

"पेनड्राइव्ह घिऊन या, छगनराव."

"का? बिघाड हाय?"

"हाय."

"आमची मंडळी तर झ्याक दिसती की त्यात."

"आना तरी. आन् येताना मंडळींनाबी आना."

पलीकडं छगनराव हसत होते. मच्छिंद्रानं फोन ठेवला, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून व्हीसीआरचं हेड पुसलं आणि कुणाच्या तरी जावळाची कॅसेट आत सरकवली.