डबा चांगला हाय

माझं काम लोकांना वस्तू विकायचं, आणि खोड त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावायची. मार्केटिंगमध्ये अर्धं आयुष्य गेलं, तरी मी कंपनीची गाडी सोडून एस.टी.नं फिरते. ऑफिसात त्यावरून थट्टा होते. होऊ दे. काच वर करून बसलेल्या माणसाला बाहेरच्यांचं काहीही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक नियम मात्र मी कटाक्षानं पाळत आले. ज्या घरचं पाणी प्यायले, त्या घराबद्दल खोटं लिहायचं नाही. अलिबागजवळच्या थळला तो मोडता मोडता राहिला, आणि मोडणारी मीच होते.

आमच्या कंपनीनं मासळी विकणाऱ्या बायकांसाठी बर्फ टिकवणारा डबा काढला होता. पांढराशुभ्र, घट्ट झाकणाचा. थळच्या कोळीवाड्यात चाळीस जणींना तो महिनाभर वापरायला दिला. मग मी स्वतः प्रश्नांचा कागद घेऊन घरोघरी फिरले. प्रत्येकीचं उत्तर एकच, "डबा चांगला हाय." मी हवेत तरंगत परतले. अहवाल वाचून साहेब खूश झाले, कारखान्यात तयारी सुरू झाली, काशीदच्या किनाऱ्यावर जाहिरातीचं शूटिंगही ठरलं.

शूटिंगला चार दिवस असताना मला राहवेना. चाळीस बायकांचं एका गोष्टीवर एकमत कसं झालं? माझ्या घरात तिघांचं भाजीवर होत नाही. मी न कळवता थळ गाठलं आणि ज्या मावशींनी डब्याची सर्वांत जास्त तारीफ केली होती, त्यांच्याच ओटीवर जाऊन उभी राहिले. मला बसायला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी घाईघाईनं डब्याचं झाकण उघडलं आणि आतून गोधडी काढली. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळल्या.

"मावशी, मासळी कशात नेता?"

"पाटीत." त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं.

"डब्यात का नाही?"

मावशींनी गोधडी माझ्यासाठी ओटीवर पसरली. मग म्हणाल्या, "बाय, तू लांबून आलेली. पाहुनीच्या तोंडावर तिची वस्तू वाईट कशी बोलाची?"

मी हटून बसले. तेव्हा कुठे त्या मोकळ्या झाल्या. "झाकलेली मासली बघली का गिऱ्हाईक म्हनतं, कालची हाय. उघड्या पाटीत हात घालतं, कल्ले उघडून बघतं, मगच घेतं. तुझा डबा मासली राखतो, पन विकत न्हाय."

मला संताप आला, तो माझाच. इतकी वर्षं माणसं वाचण्याचा टेंभा मिरवला आणि साधा पाहुणचार ओळखता आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळभर अलिबागच्या बाजारात मावशींच्या शेजारी बसले. मासा हातात न घेता एकाही गिऱ्हाइकानं तो घेतला नाही. "मग कसा डबा हवा?" मी विचारलं. मावशींनी वाटेत पाटीवर घालायचं झाकण उलटं धरलं, त्यावर चार पापलेटं मांडून दाखवली आणि म्हणाल्या, "असा. खाली बर्फ, वर मासली."

तिथून थेट ऑफिस. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा अहवाल चुकीचा आहे. शूटिंग थांबवा."

"म्हणजे चाळीस जणी खोटं बोलल्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही. त्यांनी माझा मान राखला आणि मी तो पसंती म्हणून लिहून आणला."

साहेब म्हणाले, थांबवलं तर सगळी जबाबदारी तुमची, नोकरीचाही विचार करा. मी तिथेच कागदावर तसं लिहून सही करून दिली आणि दुसऱ्या कागदावर मावशींचं उलटं झाकण काढून दाखवलं. कारखान्यातले इंजिनिअर त्या चित्रावर बराच वेळ वाकून होते. शेवटी त्यांच्यातले एक जण म्हणाले, "हे जमेल." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

नवा डबा यायला पावसाळा उलटला. मी बाजारात गेले तेव्हा झाकणाचा ट्रे करून, बर्फावर पापलेटं मांडून मावशी ऐटीत बसल्या होत्या. रांगेतल्या आणखी सहा-सात जणींपुढेही तोच डबा. गिऱ्हाइकं कल्ले उघडून बघत होती, घेत होती. मला तर नाचावंसं वाटलं.

मावशींनी मला पाहिलं आणि गिऱ्हाइकांसमोरच तोंड सोडलं. "ही कडी बोटाला लागते. बर्फाचं पानी जायला भोक कुठंय? आन् झाकन पुसताना जीव जातो माझा." मी फरशीवर बसून वही काढली. एवढी शाबासकी मला आजवर कुणीच दिली नव्हती.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही कोन गं?"

"आमचीच हाय," मावशी मासा तोलता तोलता म्हणाल्या. "डबा कराला शिकते. तुला काय खुपत असंल तर तूपन सांग तिला."